हेतालडांग्याची टपालमोजणी

मी भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. पोस्टात सारा जन्म काढला, त्यातली बरीच वर्षं इन्स्पेक्टर म्हणून. इन्स्पेक्टर म्हटलं की लोकांना वाटतं, हा दुसऱ्यांना घाबरवणारा प्राणी. तेही खरंच आहे. मी गावात पाऊल टाकलं की तिथल्या पोस्टमास्तरच्या घशाला कोरड पडायची. पण त्याच वेळी माझ्या पोटात काय चाललेलं असायचं ते मलाच ठाऊक. पाणी बघितलं की माझे पाय लटपटतात, आणि कोलकात्याच्या दक्षिणेला माझ्या वाट्याला जो मुलूख आला होता तिथे नद्यांशिवाय होतं काय, डोंबल! वरिष्ठांचं पाकीट आलं की ते फोडण्याआधी मी पेलाभर पाणी पीत असे. आमची कुसुम म्हणायची, "अहो, तुम्हाला पोस्टात घेतलं कोणी? साधं पाकीट उघडायलासुद्धा तुम्ही घाबरता!"

तर अशा माणसाची ही गोष्ट आहे. आजवर ती मी कुणाला सांगितलेली नाही. अर्धी कुसुमला माहीत आहे, उरलेली अर्धी तिला हा अंक हातात पडल्यावरच कळेल.

स्वातंत्र्य मिळून तीन-चार वर्षं झाली होती. वडील नोकरीसाठी कोलकात्यात आले आणि इथलेच झाले. माझा जन्म बागबाजारातला, त्यामुळे बंगाली मला घरच्या मराठीइतकीच यायची. 'ह्याला खेडवळ बंगालीसुद्धा कळते' एवढ्या पुण्याईवर साहेबांनी मला खेड्यापाड्यांतली पोस्टं बघायला लावलं.

खेड्याला पोस्ट कसं मिळतं, हे बाहेरच्या माणसाला ठाऊक नसतं. तेव्हा खातं तीन गोष्टी विचारायचं. वस्ती किती, सगळ्यात जवळचं पोस्ट किती लांब, आणि इथे पोस्ट उघडलं तर उत्पन्न किती होईल. पहिल्या दोन गोष्टी कागदावर कळतात. तिसरी कळायला पोस्ट उघडून बघावं लागतं. म्हणून आधी कच्चं पोस्ट द्यायचे, त्याला आम्ही प्रायोगिक म्हणत असू. गावातल्या शाळामास्तरला चार पैसे जास्त द्यायचे, एक तांबडी पेटी, एक शिक्का, एक लहानसा तराजू, की झालं पोस्ट. काही महिन्यांनी इन्स्पेक्टर जाऊन दोन आठवडे टपाल मोजणार. किती कार्डं गेली, किती आली, मनीऑर्डरी किती. दोन्ही आठवड्यांची सरासरी बरी आली तर पोस्ट पक्कं होणार. खर्चाच्या मानानं अगदीच कमी पडली तर पेटी उचलून परत आणायची.

हेतालडांगा हे असंच मोजक्या घरांचं गाव. तिन्ही बाजूंनी पाणी, जमिनीत मीठ, भाताचं एकच पीक, तेही बांध टिकला तर. गावातले धडधाकट पुरुष जवळजवळ सगळे कोलकात्याला खिदिरपूरच्या गोदीत ओझी वाहायला. मागे राहिली होती बायका, म्हातारी माणसं आणि पोरं. गावचं उत्पन्न म्हणजे खरं तर गोदीतून येणाऱ्या मनीऑर्डरी. पोस्ट होण्याआधी त्या नदीपलीकडच्या मोठ्या पोस्टात येऊन पडून राहायच्या. कोणी तिकडे गेलं तर गेलं.

मी सोमवारी पोचलो तेव्हा मास्टरमोशाय घाटावर चिखलात उभे होते. शाळामास्तर आणि पोस्टमास्तर दोन्ही तेच. वयानं माझ्याहून मोठे, पण हात जोडलेले ते खाली घेईनात. शाळेच्या पडवीत पोस्ट होतं. मला खुर्ची दिली आणि स्वतः उभेच राहिले. पडवीच्या खांबांआडून सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. आपल्याकडे बघून इतकी माणसं घाबरतात ही कल्पना मला तेव्हा थोडी आवडलीसुद्धा, खोटं कशाला बोलू!

मोजणी आहे हे गावाला कळलेलं होतं. एक म्हातारेबुवा पहिल्याच सकाळी कार्ड घेऊन आले. पत्ता स्वतःचाच. मी म्हटलं, "बाबा, हे काय?" तर म्हणाले, "बाबू, बाहेर माझं कोणी नाही. पण पोस्ट तर राहायला पाहिजे ना!" त्यांना समजावून परत पाठवलं. मोजणीत असली लबाडी चालत नाही, हेही मास्टरमोशायना ठणकावून सांगितलं. ते बिचारे पांढरे पडले.

त्या दिवशी दुपारी सरला आली. वीस-बावीसची असेल. कडेवर मुलगी. मास्टरमोशाय गावातल्या बायकांची कार्डं लिहून देत. तिनं नवऱ्यासाठी, निताईसाठी, मजकूर सांगितला. घर शाकारून झालं, मुलगी रांगते, पैसे पोचले. कार्ड माझ्यासमोर ठेवलं आणि ती जाईना.

"बाबू, पोस्ट राहील ना?"

मी म्हटलं, "मोजणीवर आहे."

मग तिनं सांगितलं. ह्या मुलीच्या आधी तिला मुलगा होता. आदल्या वर्षी, पोस्ट नव्हतं तेव्हा, तो तापानं गेला. निताईला कळायला अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांत त्यानं एका येणाऱ्या माणसाबरोबर पोरासाठी लाकडी घोडा पाठवला होता. घोडा आधी आला, नि बातमी नंतर गेली. "बाबू, मला दुसरं काही नको," ती म्हणाली. "इथलं काही झालं तर तिकडे दोन दिवसांत कळलं पाहिजे. एवढंच." मी मान हलवली. तिनं त्याचा अर्थ 'होईल' असा घेतला असावा.

आता माझ्या अकलेची गोष्ट. नदीपलीकडच्या मोठ्या पोस्टात पाच-सहा गावांचं टपाल एकाच ढिगात पडायचं. माझा आकडा तिथल्या आकड्याशी जुळायला हवा होता. मागे एका गावानं शेजारच्या गावाची कार्डं आपली म्हणून दाखवली होती आणि तो इन्स्पेक्टर साहेबांपुढे गोत्यात आला होता. ती धास्ती माझ्या मनात होती. हेतालडांग्याचा शिक्का दमट हवेनं इतका खराब झालेला की गावाच्या नावाऐवजी नुसता काळा डाग उठे. मग ढिगातून आपली कार्डं ओळखायची कशी? मी मास्टरमोशायकडून कात्री मागून घेतली आणि प्रत्येक कार्डाचा एक कोपरा जरासा कापला. नीट, तिरका, नखाएवढा. मास्टरमोशाय बघत होते. "बाबू, टपालाला कात्री…" एवढंच पुटपुटले. मी त्यांच्याकडे बघितलं तसे ते पुढचं कार्ड माझ्यापुढे सरकवायला लागले. टपालाला हात लावायचा नाही हे शिपायालासुद्धा माहीत असतं. पण मला युक्ती सुचली होती ना!

मराठी वाचकाच्या छातीत एव्हाना धस्स झालं असेल. कोपरा फाटलेलं कार्ड म्हणजे मरणाची बातमी, हे आपल्याकडे पोराटोरांना ठाऊक असतं. असं कार्ड घरात आणत नाहीत, उंबऱ्याबाहेर वाचतात, फाडतात आणि अंघोळीला जातात. माझ्या आजोबांच्या जाण्याचं कार्ड मी स्वतः तसं आलेलं बघितलं होतं. पण हेतालडांग्यात ती पद्धत नव्हती, आणि समोर ढीग आला की पोस्टातल्या माणसाला कार्डात माणूस दिसत नाही, नग दिसतो. मला ते सुचलंच नाही. देवाशपथ सुचलं नाही.

बुधवारी मी कुसुमला दोन ओळी मराठीत लिहिल्या, खुशाल आहे, शनिवारी येतो. मी जेवायला बसलो होतो आणि सोमवारपासूनच्या टपालाची थैली निघायची वेळ झाली, म्हणून पत्ता मास्टरमोशायनी घातला. तेही कार्ड ढिगात गेलं. परत येऊन मी मोजलं आणि हिशोबाला पक्का म्हणून त्यालाही कात्री लावली.

शनिवारी दुपारी बागबाजारच्या घरी पोचलो तर दारात शेजारच्या दामलेकाकू उभ्या. मला बघून त्यांनी किंकाळीच फोडली. उंबऱ्याबाहेर कार्ड पालथं पडलेलं, त्यावर एक खडा ठेवलेला. आत कुसुम भिंतीला टेकून बसली होती. एक हात कपाळावर कुंकवाशी दाबून धरलेला. अनोळखी अक्षर, कापलेला कोपरा, आणि मी गेलेलो नदीच्या मुलखात. तिनं कार्ड वाचलं नव्हतं आणि काकूंना वाचू दिलं नव्हतं. "वाचलं की खरं होईल," एवढंच ती सकाळपासून म्हणत होती. मला बघून ती उठली नाही. मग एकदम ओरडली, "कोणी कापला तो कोपरा? कोणी? हात झडोत मेल्याचे!"

मी म्हटलं, "मी कापला."

ती बघतच राहिली. आणि त्याच क्षणी मला बाकीचा ढीग आठवला. एक कार्ड बागबाजारात आलं होतं. बाकीची सगळी खिदिरपूरला गेली होती.

"अहो, आता कुठे निघालात?" कुसुम म्हणाली. मी चपलासुद्धा नीट घातल्या नव्हत्या. एस्प्लनेडला ट्राम बदलली. ती गर्दी, ती दुकानं, सगळं माझ्या भोवती फिरत होतं. मी मनाशी घोकत होतो की ते बंगाली आहेत, त्यांच्यात ही रीत नाही, त्यांना काही वाटणार नाही. त्यांना वाटलं नसतंही. पण गोदीतली माणसं काही एकटी राहत नाहीत. हेतालडांग्याची माणसं ज्या चाळीत राहत तिचा जमादार, म्हणजे मुकादम, बिहारकडचा होता, आणि तिकडे ही रीत आपल्यासारखीच.

चाळ रिकामी होती. एका चुलीवर भाताची हंडी तशीच. जमादार म्हणाला, "बाबू, बड़ी बुरी बात हुई. सात चिट्ठियाँ, सातों का कोना कटा हुआ." माणसांना वाचता येत नव्हतं. कार्डं नेहमी जमादारच वाचून दाखवी. ह्या खेपेला त्यानं कार्डं हातात घेतली आणि खाली ठेवली. 'मी वाचणार नाही, घरी जा,' म्हणाला. सात घरांत एकाच वेळी सुतक? म्हणजे गावात पटकी शिरली, दुसरं काय असणार! आदल्या वर्षी पलीकडच्या गावात ती येऊन गेलेली होती. सकाळच्याच गाडीनं सगळे निघून गेले होते. मी विचारलं, "निताई?" जमादार म्हणाला, "तो तर रडलासुद्धा नाही. फक्त विचारत होता, दोघींपैकी कोण."

संध्याकाळपासून वारा सुटला होता. मी दक्षिणेची गाडी धरली आणि रविवारी सकाळी नदीच्या अलीकडच्या घाटावर पोचलो. घाटावरचा माणूस म्हणाला, काल दुपारी सातजणांनी एक होडी केली. नावाडी नको म्हणत होता, आभाळ बघा म्हणत होता. त्यांनी त्याला दुप्पट कबूल केले. त्यानंतर वादळ आलं. होडी पलीकडे पोचल्याची खबर नाही.

नदी अजून फुगलेली होती. एरवी मला त्या पाण्यात कोणी ढकलूनही घालू शकलं नसतं. त्या दिवशी मी पहिल्या होडीत बसलो, दोन्ही हातांनी काठ धरला आणि डोळे मिटले. मरणाची भीती वाटत होतीच, पण हेतालडांग्याला पोचण्याची त्याहून जास्त वाटत होती.

गाव शांत होतं. बायका बांधावर चिखल घालत होत्या. होडी निघाल्याचं तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या सगळ्या गावात मी एकटाच जाणून होतो की सातजण नदीवर आहेत, किंवा नाहीत. सरला पाण्याला आली होती. "बाबू, आज रविवारी कसे? विसरलं काही?" मी म्हटलं, "हो, कागद विसरले." ती हसली. मुलगी माझ्या धोतराला धरून उभी राहायला बघत होती. मला वाटलं, आत्ता सांगावं. मग वाटलं, काय सांगू? तुझ्या नवऱ्याला मी नदीवर पाठवलंय, हे?

मास्टरमोशायना मात्र सांगितलं. मग आम्ही दोघं घाटावर जाऊन बसलो. दोन-अडीच तास तिथेच होतो. पाण्यावर लांब काही काळं दिसलं की मी उभा राहायचो, आणि ते झाडाचं खोड निघायचं. एकदा एक वल्हं वाहत आलं. मास्टरमोशायनी ते उचलून बघितलं आणि परत पाण्यात सोडलं. मी विचारलं नाही कोणाचं. त्यांनीही सांगितलं नाही.

दुपार कलल्यावर होडी आली. सातही जण होते, नावाडीही. रात्रभर एका खाडीत, झाडांच्या मुळांना धरून राहिले होते. होडी टेकायच्या आधीच त्यांनी चिखलात उड्या टाकल्या आणि हंबरडा फोडत गावाकडे धावत सुटले. बांधावरच्या बायकांनी आपले पुरुष असे चिखलात माखून रडत येताना बघितले आणि त्यांनीही आकांत मांडला. कोण गेलं, कोण गेलं! सगळं गाव रडत होतं आणि गेलं कोणीच नव्हतं. निताई सरलेसमोर येऊन थांबला. त्यानं आधी तिला हात लावून बघितलं, मग पोरीला. मग तो तिथेच बसला आणि त्याला उलटी झाली.

कोपरे कशानं कापले गेले, हे लोकांनी विचारलंच. मी तोंड उघडण्याआधी मास्टरमोशाय म्हणाले, "थैलीत उंदीर शिरले होते." कोणी शंका काढली नाही. नंतर मला एकट्याला म्हणाले, "इन्स्पेक्टरबाबू, आपल्याला बोल लागू नये. आपण आमच्या पोस्टाचं बघा." म्हातारा माझ्यासाठी खोटं बोलला, कारण इन्स्पेक्टरची मर्जी राहिली तर पोस्ट राहील असं त्याला वाटत होतं. गावानं तर मला डोक्यावरच घेतलं. बाबू वादळात पाणी कापून आले, आपल्या माणसांसाठी घाटावर बसून राहिले! निताईनं माझे पाय धरले. मी ते सोडवून घेतले नाहीत, कारण सोडवून घेतले असते तर काहीतरी बोलावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी मोजणीचा दुसरा आठवडा सुरू झाला.

पेटी रिकामी. मंगळवारी रिकामी. बुधवारी रिकामी. लिहिणार कोण आणि कोणाला? ज्यांना लिहायचं ते घरात बसून पेज पीत होते. वादळानं फुटलेला बांध घालायला ते राहिले ते आठवडा उलटेपर्यंत. तिकडून कार्डं नाहीत, मनीऑर्डरी नाहीत. मी रोज कोऱ्या रकान्यात शून्य लिहीत होतो आणि मास्टरमोशाय माझ्या खांद्यावरून बघत होते.

पहिला आठवडा चांगला, दुसरा शून्य. सरासरी कमी पडली, फार नाही, थोडीच. असं झालं तर कारण देऊन मोजणी पुन्हा मागता येते. नियम आहे तसा. एक अर्ज, त्यात कारण, खाली सही. कारण मला माहीत होतं, फक्त ते लिहायचं होतं. 'मी टपालाचे कोपरे कापले, त्यामुळे गावातले पुरुष घाबरून परत आले.'

कोलकात्याला येऊन मी तो अर्ज तीनदा लिहायला घेतला. कुसुम म्हणाली, "अहो, जे झालं ते लिहून टाका. आपण काय चोरी केली आहे?" मी म्हटलं, "चौकशी लागेल. टपालाला कात्री लावली म्हणजे काय, तुला कळत नाही. बढती जाईल, कदाचित नोकरीही." दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "लिहिलंत?" मी म्हटलं, "लिहिलं." अर्ज मी लिहिलाच नाही. अहवालात एक ओळ लिहिली, 'दुसऱ्या आठवड्यात टपाल नगण्य.' खोटं त्यात एक अक्षर नव्हतं. खाली सही केली आणि पाकीट बंद केलं.

दीड महिन्यानं हेतालडांग्याचं पोस्ट बंद करायचा हुकूम आला. पेटी आणायला मीच गेलो.

मास्टरमोशायनी सगळं आधीच काढून ठेवलं होतं. तराजू पुसून, पावत्यांची वही दोऱ्यानं बांधून. शिक्का फडक्यात गुंडाळत होते. माझ्याकडे त्यांनी वर बघितलं नाही. उंदरांचं खोटं ते कशासाठी बोलले होते ते आम्हा दोघांनाच माहीत होतं.

सरला मुलीला घेऊन आली. पुरुष केव्हाच खिदिरपूरला परतले होते. ती पडवीच्या पायरीशी उभी राहिली, जरा वेळ पेटीकडे बघत. मग हळूच म्हणाली, "बाबू, एक विचारू? किती कार्डं कमी पडली?"

मी म्हटलं, "थोडी."

"त्या आठवड्यात मी कोरं कार्ड घेऊन ठेवलं होतं," ती म्हणाली. "टाकणारही होते. मग ते घरीच आले, म्हटलं आता कशाला. बाबू, मी ते टाकायला हवं होतं. माझ्या माहेरी टाकलं असतं तरी चाललं असतं. मला सुचलंच नाही. माझ्यामुळे गेलं का हो पोस्ट?"

शिक्का गुंडाळणारे मास्टरमोशायचे हात थांबले. त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं आणि ते वाट बघत राहिले.

"नाही बाई," मी म्हटलं, "तुमची काही चूक नाही."

"आपण मनानं मोठे म्हणून असं म्हणता," ती म्हणाली, आणि तिनं वाकून मला नमस्कार केला.